जुन्या ऑटोमॅटिकला 'डी'त टाकताना ठोका: ऑइल, व्हॉल्व्ह बॉडी की दुसरा गिअरबॉक्स?

दहा-पंधरा वर्षं जुनी ऑटोमॅटिक गाडी 'एन'मधून (न्यूट्रल) 'डी'त (ड्राइव्ह) किंवा 'आर'मध्ये (रिव्हर्स) टाकली की खालून ठोका बसतो. गॅरेजमध्ये सहसा तीनच उत्तरं मिळतात: ऑइल बदला, व्हॉल्व्ह बॉडी (ऑइलचं प्रेशर हवं तिथे वळवणारा गिअरबॉक्समधला भाग) उघडा, नाहीतर दुसरा गिअरबॉक्स टाका. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक. पण यातलं काहीही ठरवण्याआधी एक गोष्ट पाहा: ठोका लिव्हर हलवल्याबरोबर बसतो, की गाडी क्षणभर रिकामी राहते आणि मग बसतो?

हे सगळं टॉर्क कन्व्हर्टरवाल्या (इंजिनची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सकडे नेणारा भाग असलेल्या) गाड्यांबद्दल आहे, म्हणजे चार गिअरची ह्युंदाई आय१०, २००८ च्या शेवटी आलेल्या होंडा सिटीची पाच गिअरची ऑटोमॅटिक किंवा त्या काळातली कोरोला. एएमटी (कॉम्प्युटरने चालवलेला मॅन्युअल गिअरबॉक्स) आणि सीव्हीटी (ठरावीक गिअर नसलेला, बेल्टवाला) यांची दुखणी वेगळी, त्यांचं ऑइलही वेगळं.

लगेच की उशिरा

गाडी वीसेक मिनिटं चालवून गरम करा. सपाट जागा, एसी बंद, हँडब्रेक ओढलेला, चाकांना लाकडी ठोकळे, पाय ब्रेकवर घट्ट. 'एन'मधून 'डी'त टाका आणि लिव्हर हलवल्यापासून गाडीने पकड घेईपर्यंतचा वेळ मोबाइलच्या स्टॉपवॉचवर मोजा. तसंच 'आर'साठी. मध्ये मिनिटभर थांबून तीनदा मोजा आणि सरासरी काढा. टोयोटाच्या मॅन्युअलमध्ये 'डी'साठी १.२ सेकंदांच्या आत आणि 'आर'साठी १.५ सेकंदांच्या आत अशी मर्यादा असते. बाकीच्या गाड्यांनाही अंदाज म्हणून ती चालते.

पकड लगेच येते पण जोरात येते, तर बहुतेक वेळा दोष गिअरबॉक्सच्या बाहेर असतो. उशीर होऊन मग आदळते, तर आत प्रेशर कमी पडतंय. गिअरबॉक्समधल्या क्लचचा पिस्टन ऑइलने भरायला वेळ लागतो, तोवर कॉम्प्युटरने हळुवार पकडीसाठी दिलेला वेळ संपतो आणि पूर्ण प्रेशर एकदम येतं. शिवाय गाडी हलत नाही म्हणून चालवणारा अ‍ॅक्सिलरेटर दाबून बसलेला असतोच.

लगेचचा ठोका: आधी बाहेरचं तपासा

आयडलिंग, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन फिरण्याचा वेग, पहिलं. गरम इंजिनचं आयडल साधारण ७०० ते ८०० आरपीएम असतं. ते हजार-बाराशेवर अडकलं असेल तर ठणठणीत गिअरबॉक्सही ठोका देईल. थ्रॉटल बॉडी साफ करा, व्हॅक्यूमच्या नळ्या तपासा. नुकतीच बॅटरी बदलली असेल तर आयडलचं आणि गिअरबॉक्सचं शिकलेलं सेटिंग पुसलं गेलेलं असतं. आयडल रीलर्न करून (कॉम्प्युटरला ते पुन्हा शिकवून) थोडे दिवस चालवून बघा, मग खर्चाचा विचार करा.

दुसरं माउंटिंग, म्हणजे इंजिन धरून ठेवणारे रबरी आधार. बोनेट उघडं ठेवून, ब्रेक दाबून, कोणी सोबत असेल तर त्याला गाडीच्या समोर नाही, बाजूला उभं करून 'डी-एन-आर' करा. इंजिन इंचभर उसळत असेल तर माउंटिंग गेलेलं आहे. खालचा टॉर्क रॉड विशेष बघा, त्याचं रबर फाटलेलं वरून दिसत नाही. चाकांकडे जाणाऱ्या दांड्यांच्या सीव्ही जॉइंटमधला खेळही असाच टक्क आवाज देतो.

तिसरं म्हणजे लिंप मोड (बिघाड दिसला की कॉम्प्युटर गाडी जेमतेम चालती ठेवतो ती अवस्था), आणि इथेच लोकांचे पैसे सर्वाधिक वाया जातात. सोलेनॉइडची (ऑइलची वाट उघडबंद करणाऱ्या विजेच्या व्हॉल्व्हची) वायर तुटली किंवा लिव्हर कुठे आहे हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या इनहिबिटर स्विचमध्ये पाणी शिरलं (पावसाळ्यात हे नेहमीचं) की कॉम्प्युटर सोलेनॉइडचा करंट तोडतो. करंट नसला की बहुतेक गिअरबॉक्समध्ये लाइन प्रेशर (ऑइलचं मुख्य प्रेशर) कमाल होतं, कारण घसरून क्लच जळण्यापेक्षा ठोका परवडला असा हिशेब असतो. गाडी एकाच गिअरमध्ये अडकते, चार गिअरच्या ह्युंदाईत तिसऱ्यात. अशा गाडीला दुसरा गिअरबॉक्स बसवला तरी ठोका तसाच राहील. म्हणून आधी स्कॅन. पी०७०० हा कोड फक्त 'गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरकडे तक्रार आहे' एवढंच सांगतो, खरा कोड आतून वाचावा लागतो. पी०७५० ते पी०७७० सोलेनॉइडचे, पी०७०५ इनहिबिटर स्विचचा, पी०७१५ इनपुट स्पीड सेन्सरचा. स्वस्तातली ब्लूटूथ डोंगल कित्येकदा इंजिनपुरतंच वाचते, त्यामुळे तिच्यावर कोड दिसला नाही म्हणजे कोड नाही असं समजू नका.

उशिराचा ठोका: ऑइल पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका

लेव्हल बघायची पद्धत कंपनीगणिक उलटी आहे. ह्युंदाईत गरम इंजिन चालू ठेवून, लिव्हर सगळ्या गिअरमधून फिरवून 'एन'मध्ये काडी बघतात. होंडात गरम इंजिन बंद करून मिनिट-दीड मिनिटात. ही गल्लत झाली की लेव्हल चुकीची दिसते, मग कोणी जास्त ऑइल ओततो, ते फेसाळतं आणि प्रेशर आणखी पडतं.

काडीवरचा थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. तपकिरी असलं तरी डाग एकसारखा पसरला आणि वास ठीक असला, तर ऑइल फक्त म्हातारं आहे. काळे कण मध्येच राहिले आणि करपट वास आला, तर क्लच प्लेटचं अस्तर झडतंय. दुधाळ गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या कूलरमधून कूलंट मिसळलंय. त्यानंतर गाडी अजिबात चालवू नका, कूलंटमुळे अस्तराचा डिंक सुटतो.

ऑइल: काढून भरणं की मशीन फ्लश

ऑइल नुसतं म्हातारं असेल तर तुलना या दोघांत. ड्रेन नट उघडल्यावर सगळं ऑइल येत नाही, टॉर्क कन्व्हर्टरमधलं आतच राहतं. होंडा सिटीत एका वेळी अडीच लिटरच्या आसपास निघतं. दर वेळी ४०% नवं गेलं असं धरलं तर तीन वेळांनंतर जुनं साधारण २२% उरतं. त्यासाठी साडेसात लिटर लागतं, आणि प्रत्येक वेळी मध्ये गाडी सगळ्या गिअरमध्ये चालवावी लागते. मशीनने जवळपास सगळं बदलतं, पण ऑइल जास्त लागतं आणि पॅन न उघडल्यास जुना फिल्टर जिथल्या तिथे राहतो. वर्षानुवर्षं ऑइल न बदललेल्या गाडीत मशीनच्या जोराने तळाचा गाळ उठून व्हॉल्व्ह बॉडीत अडकू शकतो. जुन्या गाडीला काढून भरणंच बरं. ड्रेन नटच्या चुंबकावर राखाडी मऊ लेप असणं नैसर्गिक आहे, बोटांना टोचणारे तुकडे सापडले तर नवं ऑइल आणायची घाई नको.

ग्रेडमध्ये तडजोड नाही. चार गिअरच्या ह्युंदाईला एसपी-३, सहा गिअरचीला एसपी-४, होंडाला झेड-१ च्या जागी आलेलं डीडब्ल्यू-१. 'सगळ्यांना चालतं' म्हणून पिंपातलं ऑइल टाकलं की घर्षणाचा गुण बदलतो आणि ठोक्याच्या जोडीला थरथर येते.

नव्या ऑइलने जुना गिअरबॉक्स बंद पडतो, असं सर्रास म्हणतात. बहुतेक वेळा तो आधीच घसरत असतो. करपट ऑइलवाल्या गाडीला हा उपाय करूच नये एवढाच त्याचा अर्थ.

व्हॉल्व्ह बॉडी

ऑइल बरं, लेव्हल बरोबर, आणि तरीही ठोका फक्त गरम झाल्यावर, घाट चढून आल्यावर, किंवा फक्त 'डी'त किंवा फक्त 'आर'मध्ये येत असेल, तेव्हाच इकडे वळा. आधी सोलेनॉइडचा रेझिस्टन्स मल्टिमीटरने मोजा आणि त्याच गाडीच्या मॅन्युअलशी ताडून पाहा. टोयोटाचा ऑन-ऑफ सोलेनॉइड ११ ते १५ ओहम दाखवतो, प्रेशरचा लिनिअर सोलेनॉइड पाच-साडेपाच. होंडाच्या कित्येक गिअरबॉक्समध्ये काही सोलेनॉइड बाहेरूनच निघतात, त्यांच्या गॅस्केटमधली जाळी तुंबलेली निघाली तर काम थोडक्यात आटोपतं. बॉडी उघडायचीच असेल तर उघडणाऱ्याने ती आधी कितीदा उघडली आहे हे विचारा. छोटे चेक बॉल निसटतात, स्प्रिंगची अदलाबदल होते, आणि बोल्ट टॉर्क रेंचशिवाय आवळले की व्हॉल्व्ह अडकतात.

ओव्हरहॉल की काढलेला गिअरबॉक्स

करपट ऑइल, धातूचे तुकडे किंवा कूलंट यातलं काही सापडलं, तर या दोघांतच निवड उरते. चांगलं ओव्हरहॉल म्हणजे क्लच प्लेट, पूर्ण सील किट, बुश आणि टॉर्क कन्व्हर्टरही. नव्या प्लेट बसवण्याआधी किमान अर्धा तास ऑइलमध्ये भिजवलेल्या हव्यात, हे कोटेशन घेतानाच विचारून बघा, उत्तरावरून माणूस कळतो. कन्व्हर्टर 'चालेल' म्हणणाऱ्याकडे देऊ नका.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा दिल्लीच्या मायापुरीत काढलेला गिअरबॉक्स स्वस्त पडतो आणि एका दिवसात बसतो, पण तो अपघातातल्या गाडीचा आहे की बिघडलेल्या, हे बाहेरून कळत नाही. केसिंगवरचा कोड तंतोतंत जुळवा, ड्रेन नट उघडायला लावून चुंबक बघा, थोडं ऑइल टिश्यूवर घ्या. पुढचं ऑइल सील बसवण्याआधीच नवं टाका, नंतर तेवढ्यासाठी सगळं पुन्हा उतरवावं लागतं.

दोन्हींत कूलर आणि त्याच्या नळ्या धुवून घ्यायच्या, आणि जुन्या ऑइलमध्ये कूलंट सापडलं असेल तर रेडिएटरच बदलायचा. ते बिलात वेगळं लिहून घ्या, कारण आधीच्या गिअरबॉक्सचा कचरा कूलरमध्येच बसलेला असतो आणि पहिल्याच चकरेत नव्यात उतरतो.