संस्थापकाला मुदत द्यावी की सीईओ बदलावा?

समजा, तुम्ही पैसे घातलेल्या स्टार्टअपच्या लीड इन्व्हेस्टरने (प्रमुख गुंतवणूकदाराने) सीईओ बदलण्याच्या ठरावाचा मसुदा पाठवला आहे आणि त्याच आठवड्यात सीईओ असलेल्या संस्थापकाने फोन करून ब्रिज राउंडसाठी, म्हणजे पुढची मोठी गुंतवणूक येईपर्यंत तग धरायला, थोडी रक्कम आणि दोन तिमाहींची मुदत मागितली आहे. तुमचा हिस्सा लहान असला तरी दोघांनाही तुमची सही हवी आहे. पुण्यातल्या एका कंपनीत मी नेमका याच जागी होतो. बरेच महिने मुदत देण्याच्या बाजूने राहिलो आणि शेवटी बदलाच्या कागदावर सही केली.

संस्थापकाला ठेवण्याच्या बाजूने मला सगळ्यात भक्कम दाखला वाटतो तो ऑनलाइन विक्री करणाऱ्या स्नॅपडीलचा. २०१७ मध्ये तिच्या मोठ्या गुंतवणूकदाराला, जपानच्या सॉफ्टबँकेला, ती कंपनी फ्लिपकार्टमध्ये विलीन करायची होती. कुणाल बहल आणि रोहित बन्सल या संस्थापकांनी जुलैअखेर ती बोलणी थांबवली, सुमारे ४० कोटी डॉलरला घेतलेले फ्रीचार्ज हे रिचार्ज-पेमेंट अ‍ॅप अ‍ॅक्सिस बँकेला ३८५ कोटी रुपयांना विकले आणि कंपनी लहान करून स्वतःच चालवली. पूर्वीचे वैभव परत आले नाही, पण कंपनी बुडाली नाही. त्याच वर्षी फेब्रुवारीत दोघांनी स्वतःचा पगार पूर्ण सोडला होता. त्यापेक्षाही मला त्या वेळचे कर्मचाऱ्यांना लिहिलेले पत्र मोलाचे वाटते. आर्थिक गणित बसायच्या आधीच आपण फार वेगाने पसरलो, हे त्यात त्यांनीच मान्य केले होते. वाईट बातमी संस्थापकाच्या तोंडून आली की गुंतवणूकदाराला निदान पाय कुठे टेकवायचा ते कळते.

शिवाय संस्थापकाकडे काही गोष्टी असतात ज्या नेमणूकपत्र देऊन आणता येत नाहीत. जुने ग्राहक त्याच्या शब्दावर थांबतात, इंजिनियर अर्ध्या पगारावर त्याच्यासाठी राहतात. बाहेरून आलेल्या माणसाला धंदा समजेपर्यंत दोन तिमाही सहज जातात, आणि अडचणीतल्या कंपनीकडे नेमका तेवढाच वेळ असतो.

दुसऱ्या पारड्यात फ्लिपकार्ट. २०१६ च्या सुरुवातीला मॉर्गन स्टॅन्लीच्या एका म्युच्युअल फंडाने तिच्या शेअरची किंमत सुमारे २७ टक्क्यांनी खाली दाखवली. त्याच वर्षी टायगर ग्लोबल या तिच्या गुंतवणूकदार कंपनीतून कल्याण कृष्णमूर्ती कंपनीत आले आणि जानेवारी २०१७ मध्ये सीईओ झाले. मे २०१८ मध्ये वॉलमार्टने ७७ टक्के हिश्शासाठी १६ अब्ज डॉलर मोजण्याचा करार केला. हे सगळे श्रेय एका नेमणुकीला देणे बरोबर नाही. पण एक बारकावा पाहा: कृष्णमूर्तींनी आधी तिथे अर्थविभाग सांभाळला होता. कंपनीची वही त्यांना आतून माहीत होती.

घरे शोधून देणाऱ्या पवईच्या हाउसिंग या संकेतस्थळाची गोष्ट उलटी झाली. डिसेंबर २०१४ मध्ये सॉफ्टबँकेच्या पुढाकाराने ९ कोटी डॉलर आले. एप्रिल २०१५ च्या शेवटी संस्थापक-सीईओ राहुल यादव यांनी संचालक आणि गुंतवणूकदारांच्या कुवतीवर बोट ठेवत राजीनामा दिला, मे महिन्यात तो मागे घेतला, आणि १ जुलैला बोर्डाने त्यांना काढले. कायमचा सीईओ म्हणून जेसन कोठारी यांची नेमणूक व्हायला नोव्हेंबर उजाडला. जानेवारी २०१७ मध्ये कंपनी प्रॉपटायगरमध्ये विलीन झाली. यादव यांना काढण्यात बोर्डाचे चुकले असे मी म्हणणार नाही. पण जुलै ते नोव्हेंबर हा काळ कोणत्याही तोट्यातल्या कंपनीला महाग पडतो.

म्हणजे उदाहरणे दोन्हीकडे आहेत, आणि त्यांच्या जोरावर निर्णय होत नाही. माझा झाला तो एका छोट्या त्रासामुळे.

आमच्या कंपनीचा मासिक एमआयएस (आकड्यांचा अहवाल) उशिरा येई, याचे मला फारसे वाटत नव्हते. लहान कंपनीत ते चालते. विक्री घटली, एक शहर बंद करावे लागले, हेही समजण्यासारखे होते. मला खुपत होती ती एकच ओळ: रनवे, म्हणजे हातातला पैसा किती महिने पुरेल. दर वेळी तो आकडा ठीकठाक दिसे. एकदा खोलात जाऊन विचारले तेव्हा कळले की त्यात अजून सही न झालेल्या टर्म शीटची (नव्या गुंतवणुकीच्या अटींच्या कागदाची) रक्कम धरली आहे. मी कळवले, कृपया महिनाअखेरची बँकेतली शिल्लक तेवढी एका ओळीत द्या. उत्तरात नवे प्रेझेंटेशन आले. पुन्हा विचारले, तर शिल्लक आली, पण त्यात बँक गॅरंटीपोटी अडकलेली मुदत ठेवही मिळवलेली होती. त्यानंतरच्या महिन्यात टर्म शीट गेली आणि तिच्या जागी येणे असलेली, वर्षभर थकलेली बिले आली. संस्थापक खोटे बोलत होता असे मला तेव्हाही वाटले नाही आणि आजही वाटत नाही. त्याचा स्वतःचा त्या पैशांवर मनापासून विश्वास होता. तो माणूस कष्टाळू आहे, त्याच्याबद्दल मला आदर आहे. पण हातात नसलेला पैसा हातातला म्हणून धरणाऱ्याच्या भरवशावर पगाराची तारीख सोडता येत नाही. तिथे काम करणाऱ्यांची घरे त्या तारखेवर चालतात, आणि त्यांच्याकडे आपल्यासारखा पोर्टफोलिओ नसतो.

मुदतीचा प्रस्ताव माझ्या लेखी इथेच कमकुवत झाला. अटी घालून संस्थापकाला ठेवायचे, तर त्या पाळल्या जातात की नाही हे तो देतो त्याच आकड्यांवरून तपासायचे असते. आकड्यांवरचाच विश्वास गेला की अट कितीही कडक लिहा, तिला आधार राहत नाही. मधला मार्ग म्हणून स्वतंत्र सीएफओ (अर्थप्रमुख) आणि बँकेत दोन सह्या, असे आम्हीही सुचवले होते. काही कंपन्यांत ते चांगले चालते असे ऐकतो. आमच्याकडे सीएफओ संस्थापकालाच उत्तरदायी राहिला आणि त्याच्याही अहवालात तीच टर्म शीट पुन्हा दिसू लागली.

तुमच्या बाबतीत संशय कितपत खरा आहे हे संस्थापकाला न दुखावता पाहता येते. जीएसटी क्रमांक टाकला की विवरणपत्रे कधी भरली ते पोर्टलवर दिसते. पीएफची रक्कम पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायची असते, आणि ईपीएफओच्या संकेतस्थळावर आस्थापनेचे नाव शोधले की भरणा कधी झाला आणि किती जणांसाठी झाला ते समजते. पीएफ मागे पडू लागला असेल, तर माझ्या अनुभवात कोणत्याही प्रेझेंटेशनपेक्षा ती खूण जास्त खरी निघते.

बदलाकडे कल असेल तर उशीर मात्र करू नका. बायजूजमध्ये जून २०२३ मध्ये प्रमुख गुंतवणूकदारांचे तिघे प्रतिनिधी बोर्डातून बाहेर पडले, आणि त्याच सुमारास रखडलेल्या ताळेबंदांचे कारण देऊन डेलॉइटने ऑडिटर म्हणून राजीनामा दिला. बोर्डात उरले बायजू रवींद्रन, त्यांची पत्नी आणि भाऊ. २३ फेब्रुवारी २०२४ ला गुंतवणूकदारांनी विशेष सभेत रवींद्रन यांना हटवण्याच्या बाजूने मतदान केले, पण ठराव तूर्त अंमलात आणू नये असा कर्नाटक उच्च न्यायालयाचा आदेश सभेच्या आधीच आला होता. जुलैत कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. त्या प्रतिनिधींची अडचण मी समजू शकतो. तरीही बोर्डातली खुर्ची सोडल्यावर नेतृत्व बदलणे किती अवघड होते, ते या प्रकरणात दिसते.

कायद्याने १० टक्के मतदान-भांडवल असलेले भागधारक सभा मागू शकतात. बोर्डाने २१ दिवसांत ती बोलावण्याची पावले उचलून ४५ दिवसांच्या आत घेतली नाही, तर भागधारक स्वतः बोलावू शकतात. संचालकाला साध्या ठरावाने काढता येते, त्यासाठी विशेष नोटीस लागते. पण संस्थापकाला सीईओपदावरून दूर करणे वेगळे आणि संचालक म्हणून काढणे वेगळे. बहुतेक एसएचएमध्ये (भागधारकांच्या करारात) त्याची बोर्डातली जागा राखलेली असते. आधी तो करार वाचा, एखाद्या कंपनी सेक्रेटरीला दाखवा.

बदलाची किंमत आम्हीही मोजली. काही चांगले इंजिनियर गेले, संस्थापकाच्या ओळखीचे ग्राहक गेले, नव्या सीईओच्या ईसॉपसाठी (त्याला द्यायच्या शेअरसाठी) सगळ्यांचा हिस्सा आणखी कमी झाला, आणि गुंतवणुकीची पुढची फेरी डाउन राउंड, म्हणजे आधीपेक्षा कमी किमतीला, होती. परताव्याच्या नजरेने पाहिले तर मी जिंकलो असे म्हणता येणार नाही. पण नव्या माणसाच्या पहिल्याच अहवालाची पहिली ओळ बँकेतली शिल्लक होती, दुसरी थकलेली देणी. आकडा भीतीदायक होता. तरी त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली, कारण पुढे काय करायचे ते आता सगळ्यांना एकत्र बसून ठरवता येणार होते. कंपनी आज लहान आहे आणि पगार वेळेवर होतात.

तुमचा संस्थापक विक्रीत कमी पडत असेल, भडक बोलत असेल, विस्ताराचा अंदाज चुकला असेल, पण शिल्लक विचारल्यावर तासाभरात खरा आकडा पाठवत असेल, तर मी तुमच्या जागी मुदत देईन आणि ब्रिजमध्येही थोडे घालीन. तसे नसेल तर सही करा. मात्र त्याआधी लीड इन्व्हेस्टरकडून दोन गोष्टी लेखी घ्या: पुढच्या सीईओचे नाव आणि रुजू होण्याची तारीख, आणि संस्थापकाचे शेअर व कंपनीतली त्याची पुढची भूमिका यांबद्दल त्याच्याशी काय ठरले आहे.