नुसती चिकोरी, कॉफीशिवाय

माटुंग्याला कॉफी दळून देणाऱ्या दुकानात गेलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चिकोरी किती?" कुणी वीस टक्के सांगतं, कुणी तीस. शुद्ध कॉफीवाले मान ताठ करून "अजिबात नको" म्हणतात. मी सांगते, "फक्त चिकोरी द्या, अर्धा किलो. दाणेदार. दळू नका." पहिल्यांदा दुकानातल्या अण्णांनी विचारलं होतं, "मावशी, त्यात कॉफी किती घालू?" आता मला पाहिलं की ते स्वतःच आतल्या डब्याकडे वळतात.

तर हा अभिप्राय त्या डब्यातल्या मालाबद्दल आहे. भाजलेल्या चिकोरीचे, म्हणजे कॉफीत मिसळतात त्या मुळाचे, सुटे दाणे, वर कुठलाही ब्रँड नाही, किंमत चांगल्या कॉफीच्या निम्म्याहूनही कमी. आमच्या घरी संध्याकाळचं पेय आता हेच आहे, आणि ते मनापासून आवडतं म्हणून आहे.

मी नर्स होते. रात्रपाळीत कॉफीचा आधार असायचा. निवृत्तीनंतर रात्रपाळ्या संपल्या, पण संध्याकाळी सातची कॉफी काही सुटेना, आणि रात्री दोनपर्यंत डोळा लागेना. शरीरात गेलेल्या कॅफिनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. सातला घेतलेल्या कपातलं अर्धं कॅफिन बारा वाजता अंगातच असतं. हे मी रुग्णांना कितीतरी वेळा समजावून सांगितलं आहे. डीकॅफ, म्हणजे कॅफिन काढलेली कॉफी, हा एक मार्ग आहे, पण त्यातही थोडं कॅफिन उरतंच. चिकोरीत ते मुळातच नाही, कारण ती कॉफीची बी नाही, एका झाडाचं मूळ आहे. युनानी औषधांत कासनी म्हणतात तीच ही वनस्पती. तिला निळी फुलं येतात, आणि शेवंती, झेंडू, सूर्यफूल तिच्याच कुळातले. आपल्याकडे जामनगरच्या बाजूला आणि उत्तर प्रदेशात एटाच्या आसपास तिची शेती होते. मुळं धुवायची, चकत्या किंवा चौकोनी तुकडे करायचे, सुकवायचे आणि मग भाजायचे.

आपल्याकडे चिकोरी म्हटलं की लोकांच्या मनात पहिला विचार भेसळीचा येतो. पाण्याच्या ग्लासात कॉफी पावडर भुरभुरून बघायची चाचणी अनेकांना माहीत असते: कॉफी वर तरंगते, चिकोरी तपकिरी रेघ सोडत तळाशी जाते. न सांगता मिसळली तर ती भेसळच. पाकिटावर टक्केवारी छापून मिसळायला मात्र कायद्याची परवानगी आहे, फक्त अशा मिश्रणात कॉफी किमान 51 टक्के असावी लागते. पण या सगळ्यात चिकोरीची ओळख कॉफी स्वस्त करणारी एक वस्तू एवढीच राहिली. ती एकटी कशी लागते हे चाखून पाहिलेला माणूस माझ्या ओळखीत तरी नव्हता. उत्तर फ्रान्समध्ये लोक ती निव्वळ पितात. 1806 मध्ये नेपोलियनने इंग्लंडच्या मालाची नाकेबंदी केली, कॉफी मिळेनाशी झाली आणि चिकोरीचा खप वाढला. पुढे कॉफी परत आली तरी तिकडच्या लोकांनी चिकोरी सोडली नाही.

आता खरेदीबद्दल. इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेकांचं मन पहिल्याच कपाला विटतं ते चुकीचा माल घेतल्यामुळे.

पावडर घेऊ नका, दाणेदारच घ्या. भाजलेल्या चिकोरीचा जवळजवळ सत्तर टक्के भाग पाण्यात विरघळतो. कॉफीचा जेमतेम पंचवीस-तीस टक्के. म्हणून कॉफीत थोडी चिकोरी घातली की डिकॉक्शन, म्हणजे फिल्टरमधून उतरलेला अर्क, एकदम दाट आणि काळंभोर होतं. पण नुसती चिकोरीची बारीक पावडर दाक्षिणात्य फिल्टरमध्ये घातली, तर ती गरम पाण्याने फुगते, चिकट लगदा होतो आणि फिल्टरची भोकं बुजतात. वरचं पाणी तासभर वरच राहतं. रव्याहून जाड दाणा असला की हा त्रास होत नाही.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. दुकानातल्या चक्कीत दिवसभर कॉफी दळली जाते. तुमची चिकोरी त्याच चक्कीतून काढली तर आधीच्या गिऱ्हाइकाची कॉफी तिच्यात येणारच. चवीसाठी पिणाऱ्याला त्याने फरक पडत नाही, पण डॉक्टरांनी कॅफिन पूर्ण बंद केलेल्या माणसाला पडू शकतो. म्हणून माझं "दळू नका" हे सांगणं. दाणे घरी आणायचे, आणि बारीक हवे असतील तर घरच्या मिक्सरमध्ये एकदाच फिरवायचे. अण्णांना हे कारण सांगितलं तेव्हा त्यांनी चिकोरी काढायचा चमचाही वेगळा ठेवला. अशा दुकानदाराबद्दल मला फार आदर वाटतो.

कप करायची माझी पद्धत अशी. दोन कपांसाठी पातेल्यात सव्वा कप पाणी, त्यात दोन सपाट लहान चमचे दाणे. कॉफीच्या अंदाजाने घातले तर काढा होईल, घशाखाली उतरणार नाही. झाकण ठेवून मंद आचेवर चार-पाच मिनिटं उकळू द्यायचं. कॉफी उकळली की बिघडते, पण चिकोरीला उकळी मानवते. मुळातला गोडवा सावकाश उतरतो. गॅस बंद करून दोन मिनिटं तशीच ठेवायची, चहाच्या गाळणीने गाळायची आणि वर वेगळं तापवलेलं दूध. साखर घालणारे असाल तर नेहमीच्या निम्मी घालून आधी चव बघा.

आणि जायफळ! आपल्या मराठी घरांत पाहुण्यांना जी दुधाची कॉफी मिळायची, जायफळ-वेलदोडा घातलेली, तिची आठवण असेल तर तुम्ही अर्धे जिंकलात. फिल्टर कॉफीत मला जायफळ कधीच रुचलं नाही, तिचा स्वतःचा वास इतका मोठा असतो की दोघांची मारामारी होते. चिकोरीला असा चढा सुवास नाही, त्यामुळे जायफळाला जागा मिळते. गाळताना किसणीवर दोनदा घासलेलं पुरे. माझ्या सासूबाई वयाच्या नव्वदीत हाच कप मागून घेतात आणि ही कॉफी नाही हे त्यांना माहीत असतं.

उपवासाला चालते का, हे मला हमखास विचारतात. मूळ आहे, धान्य नाही, आमच्या घरी चालते. मात्र परदेशातून येणाऱ्या बऱ्याच "कॉफीसारख्या" मिश्रणांत बार्ली किंवा राय हे धान्य असतं. ती उपवासाला चालणार नाहीत, आणि ज्यांना ग्लुटेन वर्ज्य आहे त्यांनाही नाहीत. पाकीट उलटून घटक वाचा.

न भाजलेले, सुकवलेले तुकडेही मिळतात. हौस असेल तर ते आणून घरी जरूर भाजा, कारण भाजणी आपल्या हातात आली की चव आपली होते. जाड बुडाची लोखंडी कढई घ्या, आच मंद ठेवा आणि उलथनं थांबवू नका. तुकडे आधी पिवळट, मग मधाच्या रंगाचे, मग तपकिरी होतात. मुळात इन्युलिन नावाचा तंतुमय पदार्थ भरपूर असतो. उष्णतेने त्यातला काही भाग साखरेत मोडतो आणि ती साखर करपायला लागते. रंग आणि खमंगपणा येतो तो यातूनच. घरभर साखरेच्या पाकाचा वास सुटला की दोन-तीन मिनिटांतच कढई उतरवायची आणि तुकडे लगेच थंड परातीत ओतायचे. कढईत ठेवले तर तिच्याच तापाने काळे पडतात आणि मग नुसती राखेची चव. गरम असताना तुकडे मऊ लागतात म्हणून कच्चे समजू नका. गार झाले की कडकडीत होतात. मग खलबत्त्यात भरड कुटायचे. अण्णांकडचा माल मला किंचित जास्त भाजलेला वाटतो. घरी मी दालचिनीच्या रंगावर थांबते.

मुंबईच्या पावसाळ्यात जपून ठेवा. भाजलेली चिकोरी हवेतलं पाणी ओढून घेते, आणि डबा उघडा राहिला तर तिचा खडा होतो. काचेची घट्ट झाकणाची बरणी, कोरडा चमचा, आणि जून ते सप्टेंबर पाव किलोहून जास्त आणायची नाही.

चवीबद्दल स्पष्ट लिहिते. ही कॉफीसारखी लागत नाही. कॉफीचा आंबटपणा नाही, तेलकट सुवास नाही, डबा उघडल्यावर पहिली पाच सेकंदं येते ती मजा नाही. इथे आधी जळक्या साखरेचा गोडवा लागतो, मग लाकडासारखा खरपूस स्वाद, आणि शेवटी जिभेच्या मागे एक स्वच्छ कडवटपणा राहतो. कारलं आवडणाऱ्यांना तो आवडेल. बिनदुधाची प्यायली तर हा कडवटपणा पुढे येतो, दुधात मागे सरतो. माझं मत विचाराल तर दुधातच घ्या.

तब्येतीच्या चार गोष्टी, नर्स म्हणून. रोज तीन-चार कप कॉफी पिणाऱ्यांनी एका दिवसात सगळी बंद करू नये. कॅफिन सुटलं की बारा ते चोवीस तासांत डोकं धरतं, चिडचिड होते, आणि लोक दोष चिकोरीला देतात. त्यापेक्षा दुकानातूनच चिकोरीचं प्रमाण वाढवत न्या, दर वेळी थोडं थोडं. दुसरं, इन्युलिनमुळे काहींना पोटात वारा धरतो, म्हणून सुरुवातीला दिवसाला एकच कप. शेवंती-झेंडूच्या कुळाची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांनी ही टाळावी. पित्ताशयात खडे असतील किंवा घरात गरोदर बाई असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. आणि ही औषध म्हणून घेऊ नका. व्हॉट्सॲपवर यकृत साफ करण्यापासून वजन उतरवण्यापर्यंत जे काही फिरतं, त्यासाठी मी एक चमचाही कुणाला सुचवणार नाही.

भाच्याने फ्रान्सहून लरू कंपनीच्या दाण्यांचा डबा आणला होता. दाणा अगदी एकसारखा, भाजणी सौम्य, फार छान. धाकट्या बहिणीने मेलबर्नहून डँडेलियन नावाच्या रानफुलाची भाजलेली मुळं आणली होती. ती जास्त कडू आणि मातकट, आणि लघवीला जास्त होते म्हणून संध्याकाळी उपयोगाची नाहीत. दोन्ही चाखून झाल्यावर मी पुन्हा माटुंग्याच्या डब्यावर आले. रोजच्या कपासाठी तोच परवडतो आणि आमच्या दुधाला तोच शोभतो.

पाचपैकी चार तारे. पाचवा राखून ठेवला आहे, कारण सुट्या मालावर भाजल्याची तारीख कुठेच नसते आणि मागच्या वेळचा दाणा या वेळी मिळेलच असं नाही. कधी रव्यासारखा येतो, कधी तुरीच्या डाळीएवढा. दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे की कॉफीच्या बियांच्या डब्यांवर जशी चिठ्ठी लावता, तशी चिकोरीच्या डब्यावरही लावा: कधी भाजली, हलकी की गडद, दाणा केवढा. आणि गिऱ्हाइकांनो, दुकानात गेलात की पन्नास ग्रॅम मागून पाहा. एवढ्याची पुडी बांधायला अण्णा नाही म्हणत नाहीत.