ठासणीची की दोननळी : जागलीच्या बंदुकीविषयी

आमच्या केळापूर तालुक्यात हरभऱ्याला घाटे धरू लागले की जागलीच्या, म्हणजे पिकाच्या रात्रीच्या राखणीच्या, बंदुकीची चौकशी करणारा एखादा तरी माणूस ओट्यावर येऊन बसतोच. गेल्या हंगामात शेजारच्या वावरातील मुलगा आला होता. रानडुकरांनी एका रात्रीत त्याच्या हरभऱ्याच्या अर्ध्या ओळी उकरून टाकल्या होत्या आणि मोबाइलवर अमेरिकेतील चित्रफिती पाहून त्याने विचारले, "काका, परवाना काढायचाच आहे, तर घोडा दाबून धरला की धडाधड सुटत राहणारीच का घेऊ नये?"

त्याला जे सांगितले तेच येथे लिहितो. घोड्यावरचा दाब काढेपर्यंत किंवा मॅगझिन रिकामे होईपर्यंत गोळ्या सुटतच राहतात, अशा हत्याराला शस्त्र अधिनियम, १९५९ च्या व्याख्येत प्रतिबंधित शस्त्र म्हटले आहे आणि कलम ७ नुसार केंद्र सरकारने खास अधिकार दिल्यावाचून ते कोणालाही बाळगता येत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करून मिळण्यातली ती वस्तूच नव्हे. असे हत्यार घरात सापडले, तर २०१९ च्या दुरुस्तीपासून शिक्षा कमीत कमी सात वर्षांची असून ती चौदा वर्षांपर्यंत जाऊ शकते. अमेरिकेतही वाट वाटते तितकी मोकळी नाही. तेथे १९३४ पासून मशिनगनची नोंदणी करावी लागते आणि १९ मे १९८६ पर्यंत कायदेशीर नोंद झालेल्या जुन्या मशिनगनच काय त्या खासगी माणसाच्या हाती राहू शकतात. तेव्हा हा विषय आपल्यापुरता येथेच मिटतो.

उरतात त्या दोन : ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे गजाने ठासून भरायची, पूर्वेकडे जिला भरमार म्हणतात ती, आणि काडतुसाची बारा बोअरची (बोअर म्हणजे नळीच्या पोकळीचे माप) दोननळी. कायद्याचा कल कोणीकडे आहे हे आधी पाहिलेले बरे. कलम १३ च्या तिसऱ्या पोटकलमात पिकाच्या खऱ्याखुऱ्या राखणीसाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना द्यावा असे म्हटले आहे आणि ठासणीची पुरेशी पडणार नाही अशी परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यांची खात्री झाली, तर किमान वीस इंची नळीची दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक ते देऊ शकतात. म्हणजे दोननळी हवी असेल, तर ती का हवी हे अर्जात पटवून द्यावे लागते. मी हे दोन्ही अर्ज केलेले आहेत आणि दुसऱ्या अर्जाला चपला अधिक झिजल्या, हे कबूल करतो.

ठासणीच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. ती स्वस्त पडते, तिच्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते आणि सर्वांत मोठी सोय म्हणजे छर्रे न घालता नुसत्या दारूचा बार काढता येतो. आपल्याला जागलीत बहुतेक वेळा आवाजच हवा असतो, कारण वन खात्याची लेखी परवानगी हातात नसताना डुकराला किंवा रोह्याला (नीलगायीला) मारणे हा वेगळाच गुन्हा आहे आणि बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीचा परवाना नव्हे. दोननळीत प्रत्येक बाराला एक काडतूस खर्ची पडते, ते परवान्यावर ठरवून दिलेल्या संख्येतूनच वजा होते आणि नवे आणायचे तर परवाना घेऊन शहरातील दुकान गाठावे लागते. (लग्नाच्या वरातीत बार काढण्याची हौस असणाऱ्यांनी दोन्हींचा नाद सोडावा, २०१९ पासून निष्काळजीपणे केलेल्या त्या हौसेलाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड आहे, किंवा दोन्ही.)

भादव्यातल्या ओलीत ठासणीची दारू सादळते आणि ठिणगी देणारी टोपी नुसतीच फुटते, हे खरे आहे. पण जुन्या कागदी काडतुसांनाही पावसाळ्यात सूज येऊन ती नळीत अडकत असत, त्यामुळे हवेच्या बाबतीत मी कोणालाच फार दोष देणार नाही. माझे मन फिरले ते निराळ्याच कारणाने. ठासणीची भरणे सोपे आहे, रिकामी करणे नाही. रात्रभर मचाणावर बसलो, जनावर आलेच नाही आणि उजाडले, तर टोपी काढून घेता येते; पण दारू, चिंध्या आणि छर्रे नळीच्या तळाशी तसेच राहतात. मग एक तर गजाला फिरकी लावून ते उकरत बसायचे, नाही तर धुऱ्याच्या मातीत बार काढायचा. एकदा असा सकाळचा बार काढला तेव्हा पलीकडच्या वावरात जुंपलेले बैल डवऱ्यासकट उधळले आणि दोन ओळींची पऱ्हाटी मोडली. ती भरपाई मी दिली.

तरीही बंदूक बदलली नव्हती. पुढे निवडणूक लागली, बंदूक जमा करण्याचा हुकूम आला आणि मी ठाण्यात गेलो. हवालदार साहेबांनी विचारले, "रिकामी आहे ना?" मी "हो जी" म्हणालो. त्यांनी गज नळीत सोडला, तर तो तळाला लागण्याऐवजी चार बोटे वर उभा राहिला. सालदाराने भरलेला आणि सांगायला विसरलेला बार नळीत तसाच होता आणि ती बंदूक पंधरा दिवस माझ्या घरात, नातवाच्या पाळण्यावरच्या खुंटीला टांगलेली होती. साहेब काही बोलले नाहीत, नुसता गज माझ्या हातात दिला.

दोननळी मोडली, म्हणजे मधल्या बिजागरीवर उघडली, की दोन्ही नळ्यांतून उजेड दिसतो. घरी येताना काडतुसे खिशात, बंदूक मोडलेली खांद्यावर. अंगणातली म्हातारीसुद्धा पाहून सांगू शकते की ती रिकामी आहे. ज्याच्या घरी लहान मूल नाही आणि जो बंदूक दुसऱ्याच्या हाती देत नाही, त्याला ठासणीची कदाचित पुरेल. मला पुरली नाही.

एक गोष्ट दोघींनाही लागू आहे. आमच्यासारखे टिपेश्वर अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीवाचून नवा परवाना मिळत नाही आणि जुन्या परवान्याचीही वन खात्याकडे नोंद करावी लागते. त्या मुलाचा कागद सध्या तेथेच आहे. अर्ज दोननळीचाच केला आहे. ठासणीच्या नावाने भरलेला पहिला अर्ज, गजाची गोष्ट ऐकल्यावर, त्याच्या आईने फाडला.