पेरियार टायगर ट्रेल: वाघासाठी नाही, माग काढणाऱ्यांसाठी जा

थेक्कडीच्या पेरियार व्याघ्र प्रकल्पातला हा मुक्कामी ट्रेक केरळ वनखात्याचा. वाटाडे मात्र असे, की एकेकाळी याच रानात चोरून शिरायचे. वायना, म्हणजे रानदालचिनीची साल काढायची, चंदन न्यायचं, शिकार करायची. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खात्याने त्यांची समिती बांधली. आता ते पाहुण्यांना फिरवतात आणि गस्तही घालतात. पाहुणे मोजकेच घेतात, जवळपास तेवढेच वाटाडे आणि सोबत एक बंदूकधारी वनरक्षक.

दाजीपूरला बुद्धपौर्णिमेच्या रात्री मी मचाणावर बसून पाणवठ्यावरची गणना केली आहे. जनावर पाण्यावर आलं तर नोंद, नाहीतर वही कोरी. इथे पुढे चालणाऱ्या वाटाड्या चेट्टांना (चेट्टा म्हणजे मल्याळममध्ये दादा) जनावर दिसावंही लागत नव्हतं. वाटेवर आडवं कोळ्याचं जाळं शाबूत, म्हणजे पहाटेपासून इथून मोठं कुणी गेलेलं नाही. दोन वाटा मिळतात तिथे विष्ठेचे बरेच ढीग एकत्र दिसले, ती रानकुत्र्यांची टोळी. काडीने एक ढीग उलगडून त्यातले सांबराचे केस त्यांनी दाखवले.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो हत्तीच्या लिदीपाशी. आत ओल किती, किडे कुठवर पोचलेत, वर अळंबी उगवलीय का, एवढं पाहून चेट्टा ती किती दिवसांची ते सांगायचे. हे कौतुकापुरतं नाही. हत्ती मोजायची एक पद्धतच अशी आहे: ठरलेल्या रेषेवर चालत लिदीचे ढीग मोजायचे, मग हत्ती दिवसाला किती वेळा लीद टाकतो आणि ढीग किती दिवसांत विरतो यावरून संख्या काढायची. विरण्याचा काळ चुकला की पुढचा सगळा हिशेब कोसळतो. उन्हात, पावसात, दाट झाडीत ढीग किती टिकतो हे या माणसांच्या नजरेत मुरलेलं आहे.

वाघाचंही तसंच. 2006 पासूनच्या देशव्यापी गणनेत आधी पायी फिरून खुणा नोंदवतात, मग कॅमेरे लावून पट्ट्यांवरून एकेक वाघ ओळखतात. पण 925 चौरस किलोमीटरच्या रानात कॅमेरा कुठल्या झाडाला बांधायचा? वाघाची वाट शिकाऱ्याला ठाऊक असायचीच, पोट त्यावर होतं. गणनेच्या अहवालांत अशा माग काढणाऱ्यांची नावं शास्त्रज्ञांच्या बरोबरीने छापली पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

तंबू साधे, जेवण वाटाडेच रांधतात आणि ते छान असतं. जळवा भरपूर, विशेषतः पावसानंतर. त्यासाठीचे लांब मोजे मिळतात, ते गुडघ्यापर्यंत घट्ट बांधा. अडचण भाषेची. वाटाडे मल्याळम-तमिळ बोलतात, इंग्रजी जेमतेम, त्यामुळे निम्मं ज्ञान आपल्यापर्यंत पोचतच नाही. खुणांचं एखादं चित्रपत्रक हातात दिलं तर फार फरक पडेल. अर्धा गुण मी त्याचाच कापते: 5 पैकी साडेचार.

बुकिंग थेट वनखात्याकडून करा, बाजारातल्या दलालांकडून नको. वाघ दिसेलच या आशेवर जाणार असाल तर पैसे वाया जातील. आणि लहान मुलांना नेऊ नका. हत्ती समोर आला की चेट्टा हाताने खूण करतात, त्या क्षणी जागच्या जागी गप्प उभं राहावं लागतं.