जुनं नाशिक की देवळाली कॅम्प: जुन्या घरांचे फोटो काढायला आधी कुठे जावं?

एकच रविवार हाताशी असेल तर जुनं नाशिक. तिथला वाडा पुढच्या पावसाळ्यानंतर उभा असेलच असं नाही. देवळालीतले बंगले त्यामानाने थोडी वाट पाहतील.

सुरुवात सराफ बाजारातल्या सरकारवाड्यापासून करा. तो पेशवेकालीन आणि राज्य संरक्षित, त्यामुळे त्याचे फोटो भरपूर आहेत. पण त्याचं लाकूडकाम निवांत पाहिलं की नजर तयार होते. मग तिवंधा, तांबट लेन, गोरेराम लेन या भागांत शिरा. कुठल्याही फलकावर नाव नसलेले वाडे इथे आहेत: दगडी जोतं, दिंडी दरवाजा, कोरीव खांब, सज्जा तोलून धरणारे लाकडी हस्त. पांढऱ्या मातीच्या भिंती ओल धरतात, भिंतीत गेलेलं तुळईचं टोक कुजतं आणि वाडा एका अंगाने बसतो. वाटण्या रखडलेल्या, भाडं जुनं आणि नाममात्र. दुरुस्तीचा खर्च करायचा कुणी? पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा देते. अशी नोटीस लावलेलं दार दिसलं तर त्याचा फोटो सगळ्यात आधी, तोही रस्त्यावरूनच.

गल्ल्या अरुंद, म्हणून ऊन उशिरा उतरतं. सकाळची ती सावली कोरीव कामाला फार चांगली. मोबाइलची वाइड लेन्स वर तिरकी धरली की भिंती मागे कलंडलेल्या दिसतात; त्यापेक्षा समोरच्या ओट्यावर विचारून चढा आणि मोबाइल सरळ धरा. दारात आजी बसलेल्या असतील तर आधी बोला, फोटोचं नंतर. त्या ‘आत या’ म्हणाल्या तर चौक, माजघर, कोनाडे, जिना सगळं टिपून घ्या. तिवंध्यावरच्या एका वाड्याचा मी फक्त दर्शनी भाग घेतला, जिना पुढच्या खेपेला म्हणून ठेवला. पुढच्या खेपेला तिथे पत्र्याचं कुंपण होतं. तो जिना माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

गोदाकाठची मातीची जुनी गढीही याच फेरीत घ्या. पुरातत्त्वज्ञ ह. धी. सांकळिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये इथे उत्खनन केलं. दर पावसाळ्यात तिची माती ढासळते, म्हणून फोटो लांबून घ्या. कडेला जाऊ नका.

देवळालीचं गणित वेगळं. रस्ते सपाट आणि मोकळे. गुडघे दुखत असतील किंवा सोबत आईवडील असतील तर हीच निवड करा, कारण जुन्या नाशकात चढउतार फार. कौलारू छपरं, रुंद व्हरांडे, मुंबईकर पारशी आणि गुजराती कुटुंबं हवापालटासाठी येत ती आरोग्यभवनं, हे सगळं इथे आहे. पण बंगला कंपाउंडच्या आत, झाडांमागे. मोबाइल अपुरा पडतो, लांब पल्ल्याची लेन्स लागते, आणि फाटकाशी माळीबुवा किंवा चौकीदारच भेटतात. आत जायची परवानगी देणारे मालक बहुधा मुंबईला. शिवाय ही लष्करी छावणी. मनाईचा फलक दिसला की कॅमेरा पिशवीत ठेवायचा, मग शेजारचा बंगला कितीही सुंदर असो. बंगल्यांमधलं अंतर मोठं, तेव्हा सायकल किंवा दुचाकी न्या.