प्रॅक्टिकलसाठी रक्त: कोंबडीचं घ्यावं की माणसाचं?

स्लाइडही करायची आणि डीएनएही काढायचा, पण नमुना एकच, असा पेच असेल तर आधी तांबड्या पेशीत केंद्रक आहे का ते बघा. पुढचं बरंचसं त्यावरच ठरतं.

लीशमन रंगात (रक्ताची स्लाइड रंगवायचा रंग) कोंबडीची तांबडी पेशी लांबट दिसते, साधारण 12 बाय 7 मायक्रॉन, मधोमध गडद जांभळं केंद्रक. माणसाची गोल, 7-8 मायक्रॉनची, केंद्रक नाही. दोन्ही बाजूंनी खोलगट, म्हणून मध्ये फिकट. (उंटाची पेशी लंबगोल असते, पण केंद्रक नाहीच. नुसत्या आकारावर भिस्त ठेवू नका.)

डीएनएसाठी कोंबडीचं रक्त 5-10 मायक्रोलिटर पुरतं. माणसाच्या रक्तात केंद्रकं पांढऱ्या पेशींतच, त्यामुळे 200 मायक्रोलिटर घेतात. सवयीने तेवढंच कोंबडीचं ओतलंत, तर मिश्रण शेंबडासारखं चिकट होतं आणि कॉलम (डीएनए वेगळा काढायची गाळणीची नळी) तुंबतो. ही चूक हमखास होते.

पांढऱ्या पेशींच्या मोजणीत मात्र उलटं. पेशी मोजणारं साधं मशीन तांबड्या पेशी फोडतं आणि उरलेली केंद्रकं पांढऱ्या पेशी समजून मोजतं. कोंबडीचा आकडा भलताच फुगतो. तिथे हेमोसायटोमीटरवर (पेशी मोजायची चौकटी आखलेली काच) हातानेच मोजा.

केंद्रक दाखवायचं किंवा भरपूर डीएनए हवा, तर कोंबडी. मशीनवर मोजणी करायची, तर माणूस.