एलव्हीएलपी गन आणि वॉटर-बेस्ड पीयू: दिवाळी ते श्रावण वापरल्यानंतरचा अनुभव

गेल्या दिवाळीच्या आधी मी लाकडी फर्निचरच्या कामात मेलामाइन आणि एनसी (नायट्रोसेल्युलोज) सीलर ही थिनरवाली फिनिशं बंद केली आणि वॉटर-बेस्ड पीयूवर (पाण्याने पातळ होणाऱ्या पॉलियुरेथेनवर) आलो. एलव्हीएलपी म्हणजे कमी दाब आणि कमी हवेवर चालणारी स्प्रे गनही त्याच वेळी नवीन घेतली. आता श्रावण चालू आहे, म्हणजे थंडी, एप्रिल-मेचं ऊन आणि पुण्याचा पाऊस असे तिन्ही ऋतू या जोडीने बघून झाले. वर्कशॉप धायरीत, घराच्याच तळमजल्यावर आहे. वर आई-बाबा आणि लहान मुलगी. एनसी थिनरचा वास जिन्यातून थेट स्वयंपाकघरात जायचा. शिवाय त्याची वाफ पेट घेते, आणि खाली कटर-ग्राइंडरच्या ठिणग्या उडत असतात. बदल करायला मला एवढं कारण पुरेसं होतं.

स्प्रेचा विचार करणाऱ्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आग्रहाने सांगतो: आधी फिनिश ठरवा, मग गन घ्या. बहुतेक जण ऑनलाइन स्वस्त गन बघतात, ती घरी आली की त्यात काय घालायचं ते शोधतात. वॉटर-बेस्ड फिनिश थिनरवाल्यापेक्षा दाट असतं आणि ते हवं तसं पातळ करता येत नाही. माझ्या डब्यावर जास्तीत जास्त १० टक्के पाणी लिहिलंय. त्यापुढे गेलात की उभ्या बाजूवर ओघळ येतात आणि थरही कमकुवत होतो. मग दाट माल नीट फुटेल असं नोझल हवं, आणि ते नोझल चालवेल एवढी हवा हवी. सगळं गणित इथून सुरू होतं.

माझ्याकडे नेलरसाठी (हवेवर खिळे मारणाऱ्या गनसाठी) घेतलेला २ एचपीचा, ५० लिटर टाकीचा कॉम्प्रेसर आधीपासून होता. असा कॉम्प्रेसर प्रत्यक्षात साधारण ६ ते ७ सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा देतो. एचव्हीएलपी (कमी दाबाच्या, पण जास्त हवा खाणाऱ्या) गनला बऱ्याचदा १० ते १२ सीएफएम लागते. ती या कॉम्प्रेसरवर लावली की पहिला हात छान बसतो, मग दाब उतरतो, थेंब मोठे पडायला लागतात आणि मोटर दम न खाता चालत राहते. म्हणून मी एलव्हीएलपी घेतली: दाब कमी आणि हवाही कमी, ४ ते ५ सीएफएममध्ये भागतं. फवाऱ्याचा पट्टा थोडा अरुंद पडतो, त्यामुळे मोठ्या वॉर्डरोबच्या दाराला वेळ लागतो. देव्हारे, चौरंग, स्टुलं, मुलांची स्टडी टेबलं, एवढ्या कामाला मला काहीच कमी पडलं नाही.

नोझल १.३ मिमी. पिगमेंटेड (रंग मिसळलेल्या) पांढऱ्यासाठी १.७ चा सेट वेगळा ठेवलाय. सुई आणि नोझल स्टेनलेस स्टीलचंच घ्या, यात तडजोड करू नका. साध्या लोखंडी सुईला पाण्याच्या फिनिशने गंज धरतो आणि तो तांबूस ठिपका नेमका पांढऱ्या पॅनेलवर येऊन बसतो. ज्यांच्याकडे कॉम्प्रेसरच नाही त्यांनी हँडलमध्येच मोटर असलेली इलेक्ट्रिक गन घेतली तरी प्रायमर आणि ग्रिलची कामं होतात. क्लिअर फिनिशला मात्र तिचे थेंब जाड पडतात, ऑरेंज पील म्हणजे संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा दिसतो. वेगळी टर्बाइन आणि होजवाला सेट सगळ्यात सुखाचा, पण तो महाग आहे आणि उन्हाळ्यात त्यातून येणारी गरम हवा फिनिश वाटेतच सुकवते.

आता लाकूड. पाणी लागलं की लाकडाचे रेषे उभे राहतात, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी घाईत हीच पायरी वगळली जाते. मी १८० नंबरच्या सँडपेपरपर्यंत घासून झालं की ओल्या स्पंजने सगळं लाकूड एकसारखं पुसतो, पूर्ण वाळू देतो, मग २२० ने हलक्या हाताने फक्त उभे राहिलेले रेषे कापतो. जोर लावला की खालचे नवीन रेषे उघडे पडतात आणि केलेली मेहनत वाया जाते. पहिला हात वाळल्यावर ३२०. स्टील वूल अजिबात नको. त्याचे बारीक तुकडे लाकडाच्या छिद्रात अडकतात, पुढच्या हातातल्या पाण्याने गंजतात आणि काळे ठिपके पडतात. बाभळीसारख्या टॅनिन (तुरट द्रव्य) असलेल्या लाकडावर तर हमखास. तिथे नायलॉनचा पॅड वापरा.

सागवानाबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक गिऱ्हाइकांना सागच हवा असतो. वॉटर-बेस्ड पीयू डब्यात दुधासारखं दिसतं आणि वाळल्यावर अगदी पारदर्शक होतं. इतकं पारदर्शक की साग फिका, थंड वाटतो. मेलामाइन किंवा स्पिरिट पॉलिशची सोनेरी झाक ज्यांच्या डोळ्यांत बसली आहे त्यांना "पॉलिश झालंच नाही" असं वाटतं. यावर मला सापडलेला सगळ्यात चांगला उपाय म्हणजे आपली जुनी लाख. मेण काढलेली लाख स्पिरिटमध्ये पातळ विरघळवायची, तिचा एक हात द्यायचा, आणि त्यावर वॉटर-बेस्ड पीयू. झाक परत येते, सागाचं तेल खाली अडकून राहतं आणि वरचा थर घट्ट धरतो. लाख मेणाची असेल तर पीयू सोलून निघेल, म्हणून बाटलीत तळाशी ढगाळ साका बसतोय का ते आधी बघून घ्या. लाख मारण्यापूर्वी ताजा घासलेला साग मी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घेतो. एवढ्याच कामापुरता स्पिरिटचा वास येतो, दारं उघडी ठेवली की तो लवकर जातो.

गनची खरी किंमत मला जाळीच्या देव्हाऱ्यावर कळली. ब्रशने जाळीच्या प्रत्येक भोकाच्या खालच्या कडेला फिनिश साचतं, नंतर ते पांढरट दिसतं. गनने मी आधी फवाऱ्याचा पट्टा अरुंद केला, माल कमी सोडला आणि जाळीच्या जाडीत चारी दिशांनी तिरका फवारा दिला. मग पट्टा रुंद करून समोरून एकच हलका हात. अंतर वीतभर, गन लाकडाला काटकोनात, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढवायचा आणि ट्रिगर लाकूड संपल्यावर सोडायचा. वाळल्यावर जाळीच्या कडा धारदार आणि स्वच्छ राहिल्या, कोपऱ्यात कुठेही गोळा नाही.

मालाचा दाटपणा मी ४ नंबरच्या फोर्ड कपमध्ये (तळाला भोक असलेल्या मोजकपात) मोजतो. २५ ते ३० सेकंदांत कप रिकामा झाला की माझ्या गनला बरोबर बसतो. अंदाजाने पाणी घालणारे कारागीर मी बघितलेत, त्यांचा हात पक्का असतो. पण सकाळी १५ अंश आणि दुपारी ३८ अंश असताना तोच माल वेगळा वागतो, म्हणून कप हवाच. पाणी फिल्टरचं घाला, बोअरचं नको. आणि माल ओतताना नेहमी गाळणीतून ओता.

उन्हाळ्यात फवारा लाकडावर पोचण्याआधीच सुकतो आणि हात फिरवला की पिठूळ लागतं. मी मे महिन्यात सकाळी नऊच्या आत काम उरकायचो आणि त्याच कंपनीचं रिटार्डर (सुकणं लांबवणारं द्रव्य) थोडं घालायचो. पावसाळ्यात उलट. जुलैत हवेत ८५ टक्के ओल असते, पाणी उडून जायला जागाच नसते. दोन हातांमधला दोन तासांचा अवकाश सहा-सात तासांवर जातो. थर पातळ ठेवायचा, खोलीत हवा फिरती ठेवायची, पण पंखा थेट कामावर मारायचा नाही, धूळ बसते. कॉम्प्रेसरच्या टाकीतही या दिवसांत भरपूर पाणी साचतं. रोज संध्याकाळी खालचा व्हॉल्व्ह उघडला की तांबडं, तेलकट पाणी येतं. तेच गनमध्ये गेलं की फिनिशवर माशाच्या डोळ्यासारखे खड्डे पडतात. मॉइश्चर फिल्टरशिवाय हे काम सुरूच करू नका.

टिकाऊपणा. मुलीचं स्टडी टेबल माझ्या रोजच्या डोळ्यांसमोर आहे. पाणी, चहा, क्रेयॉन, सगळं पुसलं जातं. हळदीचा डाग राहिला होता, तो खिडकीतल्या उन्हाने काही दिवसांत गेला. सॅनिटायझर सांडल्यावर मात्र पृष्ठभाग चिकट झाला, आणि गरम पातेलं थेट ठेवलं तर ठसा उमटतो. पूर्ण पक्कं व्हायला तीन-चार आठवडे लागतात, गिऱ्हाइकाला हे आधीच सांगतो. डायनिंग टेबलाला हार्डनरवालं दोन भागांचं फिनिश जास्त टिकतं, पण त्या हार्डनरमध्ये बऱ्याचदा आयसोसायनेट हे फुप्फुसाला घातक रसायन असतं. त्याच्या धुक्याला साधा मास्क पुरत नाही, बाहेरून ताजी हवा देणारी यंत्रणा लागते. ती माझ्याकडे नाही, म्हणून ते काम मी घेत नाही. एका भागाच्या पीयूलाही मी कार्ट्रिजवाला मास्क लावतोच. वास नाही याचा अर्थ फुप्फुसात काही जात नाही असा होत नाही.

धुणं सोपं आहे, पण लगेच व्हायला हवं. काम संपलं की कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, एअर कॅप काढून मऊ ब्रशने. अर्धा तास चहाला गेलात तर नोझलमध्ये जी पापडी धरते ती पाण्याने निघत नाही. धुतलेलं पाणी गटारात न सोडता टबमध्ये वाळू द्या.

खर्च मेलामाइनपेक्षा नक्कीच जास्त येतो. वर्षाकाठी एखादं स्टूल करणाऱ्याने गन घेऊच नये, चांगला सिंथेटिक ब्रश आणि हेच फिनिश पुरेल. ज्यांच्याकडे २ एचपीचा कॉम्प्रेसर आहे आणि घरातच काम चालतं, त्यांनी १.३ ची स्टेनलेस एलव्हीएलपी घ्यावी. दुकानात सुई-नोझलचा सुटा सेट आणि पॅकिंग मिळतं का ते आधी विचारा. मिळत नसेल तर गन कितीही चकचकीत असली तरी ती तिथेच ठेवा.